अजिंठ्याची वाट वर्ध्यावरून

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात शिरण्यापूर्वी, ओसरीबाहेर डाव्या टोकाच्या भिंतीवर, एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. पावसापाण्याने त्याची बरीच अक्षरे झिजवली असली, तरी जे वाचता येते त्यावरून एका राजवंशाची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे समजतात आणि त्या वंशातील एका प्रतापी राजाच्या मंत्र्याने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केल्याची हकीकत कळते. तो राजवंश वाकाटकांचा, तो राजा हरिषेण आणि तो मंत्री वराहदेव. वाकाटक हे विदर्भाचे राज्यकर्ते. त्यांच्या धाकट्या शाखेचे राजनगर वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, आणि थोरल्या शाखेचे एक राजनगर सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पवनारला होते, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. चित्रे पाहण्याच्या ओढीने आत वळणाऱ्या गटाची पावले या शिलालेखापाशी क्वचितच थांबतात, ही खेदाची गोष्ट आहे. कारण अजिंठ्याचे वैभव कोणी आणि का उभे केले याचे उत्तर तेथे दगडावरच लिहिलेले आहे, आणि वर्धा जिल्ह्यातून आलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने तर ते घरच्या माणसाने लिहून ठेवलेले उत्तर आहे.

वाकाटक घराण्याचा आरंभ तिसऱ्या शतकात विंध्यशक्ती या पुरुषापासून झाला. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याच्या पश्चात राज्याच्या वाटण्या झाल्या आणि त्यातून दोन शाखा दीर्घकाळ टिकल्या: रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करणारी थोरली आणि वत्सगुल्माहून राज्य करणारी धाकटी. थोरल्या शाखेत गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली आणि पतीच्या निधनानंतर तिने आपल्या अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्याचा कारभार चालवला. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने राजधानी प्रवरपुर या नव्या नगरात हलवली. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील प्रसिद्ध काव्य याच राजाच्या नावावर आहे. मिराशींच्या मते प्रवरपुर म्हणजे पवनार. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली पवनारला उत्खनन केले. पुढे रामटेकजवळच्या मानसर येथील उत्खननानंतर काही संशोधकांनी प्रवरपुर तेथे असावे असे मत मांडले, आणि हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. मात्र पवनारच्या धाम नदीकाठी सापडलेली शिल्पे वाकाटकांच्या काळातील आहेत, याविषयी सर्वसाधारणपणे एकमत आहे.

धाकट्या शाखेची ओळख पटण्याची हकीकत संशोधनाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. सोळाव्या लेण्यातील लेख एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांच्या हाती आला होता; मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्याच्या लेखांचे वाचन केले आणि नंतर भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी ते पुढे नेले. परंतु झिजलेल्या ओळींतील काही राजांची नावे चुकीची लावली गेली होती आणि वाकाटकांची एकच वंशावळ गृहीत धरली जात होती. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट, म्हणजे दानाची राजाज्ञा कोरलेला तांब्याचा पत्रा, उजेडात आला आणि त्यातील वंशावळीवरून वत्सगुल्माची शाखा स्वतंत्र होती हे स्पष्ट झाले. ती वंशावळ समोर ठेवून मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा सर्वसेन, विंध्यसेन ही नावे आपापल्या जागी बसली आणि १९४१ साली त्यांनी सुधारलेला पाठ प्रसिद्ध केला. वाशीमच्या जमिनीतून निघालेल्या एका पत्र्याने अजिंठ्याच्या डोंगरावरील पुसट अक्षरांना वाचा फोडली, इतके या दोन ठिकाणांचे नाते निकटचे आहे.

विदर्भातून अजिंठ्याला जाण्याचा मार्ग आजही सरळ आहे. सेवाग्राम स्थानक नागपूर-भुसावळ लोहमार्गावर असून तेथून बडनेरा, अकोला, शेगाव, मलकापूर आणि भुसावळ ओलांडून जळगावला उतरता येते. हा प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. जळगावहून दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरवर, सपाट खानदेश संपून अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ सुरू होण्याच्या बेतात, फर्दापूर लागते. खासगी वाहने फर्दापूर फाट्यापाशी थांबवली जातात आणि तेथून शेवटचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जावे लागते. लेणी सोमवारी बंद असतात, हे घरून निघतानाच ध्यानात ठेवलेले बरे.

बस जेथे सोडते तेथून पायऱ्या चढून गेल्यावर वाघूर नदीची घळ एकदम समोर येते. नदीने डोंगर कापत घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या बाहेरच्या, सुमारे ७५ मीटर उंचीच्या उभ्या कड्यात एका ओळीने तीस लेणी कोरलेली आहेत. घळीच्या माथ्यावर सातकुंडाचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो आणि पावसाळ्यात त्याचा आवाज लेण्यांच्या आतपर्यंत पोहोचतो. ज्या खडकात हे सारे घडले तो दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हारस थरावर थर साचून थिजला आणि त्यातून महाराष्ट्राचा बहुतेक डोंगराळ प्रदेश तयार झाला. चुनखडीच्या डोंगरांत पाणी खडक विरघळवते आणि लवणस्तंभांनी भरलेल्या नैसर्गिक गुहांची जाळी तयार करते. तशा गुहा बेसॉल्टमध्ये सहसा होत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात ‘डोंगरातील गुहा पाहायला जाणे’ याचा अर्थ बहुतेक वेळा माणसाने कोरलेली लेणी पाहायला जाणे असाच होतो.

‘लेणे’ हा शब्दच मोठा बोलका आहे. अंगावर ल्यायचे ते लेणे, म्हणजे दागिना, हा अर्थ आज अधिक रुळलेला असला तरी डोंगरातील लेण्याचा उगम वेगळा आहे: संस्कृत ‘लयन’, म्हणजे आश्रयाची किंवा निवाऱ्याची जागा, यापासून प्राकृतात ‘लेण’ झाले आणि सह्याद्रीतील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत हाच शब्द येतो. बौद्ध भिक्षू वर्षभर फिरतीवर असत. पावसाळ्याचे महिने मात्र त्यांनी एका ठिकाणी राहावे असा दंडक होता आणि या मुक्कामाला वर्षावास म्हणत. तापीच्या खोऱ्यातून घाट चढून प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जाणारा व्यापारी मार्ग अजिंठ्याच्या परिसरातून जात होता. म्हणून एकान्त आणि अन्नदाते या भिक्षूंच्या दोन्ही निकडीच्या गरजा येथे भागत असत. लेण्यांचे दोन प्रकार आहेत. ज्यात पूजेसाठी स्तूप असतो आणि छत कमानीचे असते ते चैत्यगृह. आणि मध्ये चौक व भोवती भिक्षूंच्या खोल्या असतात तो विहार. नवव्या, दहाव्या, एकोणिसाव्या, सव्विसाव्या आणि एकोणतिसाव्या क्रमांकाची लेणी चैत्यगृहे असून बाकीचे विहार आहेत.

प्रवाशाची पहिली फसगत येथेच होते, ती क्रमांकांमुळे. लेण्यांना दिलेले आकडे केवळ पायवाटेच्या क्रमाचे आहेत; त्यांचा काळाशी संबंध नाही. पर्यटन खात्याचा परवाना असलेला मार्गदर्शक, ज्याला सर्वजण गाईड म्हणतात, तो वेळेच्या आणि पायपिटीच्या सोयीने गटाला पहिल्या लेण्यापासून नेतो आणि त्यामुळे पाचव्या शतकातील परिपक्व चित्रे आधी दिसतात आणि त्यापूर्वी पाचसहाशे वर्षे कोरलेली साधी चैत्यगृहे मागाहून येतात. ज्याच्या हाती पूर्ण दिवस आहे त्याने गाईडला आरंभीच सांगून दहाव्या आणि नवव्या लेण्यापासून सुरुवात करावी, तेथून सोळाव्या-सतराव्याकडे जावे, मग एकोणीस आणि सव्वीस पाहावीत आणि परतीच्या वाटेवर दुसरे व पहिले लेणे घ्यावे. चांगल्या गाईडला असा श्रोता मिळाल्याचा आनंदच होतो, आणि पायांना पडणारा थोडा जास्तीचा हेलपाटा मनाला उमगणाऱ्या गोष्टींच्या मानाने काहीच नाही.

दहावे लेणे इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. त्याच्या दर्शनी भागावरील ब्राह्मी लिपीतील छोट्या लेखात वासिठिपुत कटहादि या दात्याने ‘घरमुख’ दान केल्याची नोंद आहे. लेण्याच्या दर्शनी बाजूला घराचे मुख म्हणणारा हा शब्द आजच्या मराठी वाचकालाही कोशाविना कळतो. आत दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांच्या रांगा, टोकाला अनलंकृत स्तूप आणि वर कमानदार छत अशी रचना आहे. त्या काळी बांधकाम लाकडाचे होत असे आणि पाथरवटांनी दगडातही लाकडी घराचेच रूप उतरवले. नवव्या-दहाव्या लेण्यांच्या छताला खरोखरीच्या लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या, त्यांच्या खाचा अजून दिसतात. दहाव्या लेण्याच्या भिंतीवर षड्दन्त जातकाची कथा चितारलेली आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांची गोष्ट. या कथेत सहा सुळ्यांचा गजराज मत्सराने पेटलेल्या, आता राणी झालेल्या पूर्वजन्मीच्या पत्नीसाठी आपले सुळे स्वखुशीने देतो आणि ते समोर आल्यावर तीच राणी दुःखाने कोसळते. पाचसहाशे वर्षांनी सतराव्या लेण्यात हीच कथा पुन्हा रंगवली गेली. दोन्ही पाहिल्यावर कथा तीच असून चित्रकाराची नजर किती पालटली, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट होते.

पहिल्या टप्प्यानंतर अजिंठ्यात कित्येक शतके नवे काम झाले नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या काळी ते पुन्हा सुरू झाले आणि थोड्या अवधीत घळीचा कायापालट झाला. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्य या लेण्यांच्या अभ्यासात घालवले. त्यांच्या मते दुसऱ्या टप्प्यातील जवळजवळ सर्व काम सुमारे ४६२ ते ४८० या अवघ्या दोन दशकांत झाले. इतर काही विद्वान हा काळ अधिक लांबवतात. परंतु काम घाईने सुरू झाले आणि अचानक थांबले, याच्या खुणा डोंगरभर विखुरलेल्या आहेत. चोविसावे लेणे त्यासाठी मुद्दाम पाहावे. पुरे झाले असते तर ते अजिंठ्यातील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. आज तेथे अर्धवट सुटलेले खांब, छताजवळ खोदलेले चर आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले दगडाचे बांध दिसतात. लेणे वरून खाली कोरत, म्हणजे आधी छत पुरे करून मग जमिनीकडे उतरत. त्यामुळे परांची बांधावी लागत नसे. छिन्नी-हातोड्याने समांतर चर खणायचे, मधले बांध फोडून काढायचे आणि खांबांच्या जागा तेवढ्या राखायच्या, ही रीत चोविसाव्या लेण्यात अशी उघडी पडली आहे की पाथरवट आताच जेवायला उठून गेले असावेत असे वाटते.

दगड कोरून झाला की चित्राची तयारी सुरू होई, आणि या टप्प्यावर सेवाग्रामहून आलेल्या माणसाची नजर कोणत्याही परदेशी प्रवाशापेक्षा अधिक जाणती ठरते. सेवाग्रामातील गांधीजींच्या बापूकुटीच्या भिंती माती, बांबू आणि स्थानिक लाकूड यांच्या आहेत आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीतच उठवलेल्या ताडाच्या झाडांच्या आकृती त्यांवर आजही पाहायला मिळतात. ज्याने ती भिंत जवळून पाहिली आहे, किंवा ज्याच्या घरी कुडाला लिंपण घातले जाते, त्याला अजिंठ्यातील चित्राचा फुटलेला काठ वाचता येतो. जेथे रंग गळून पडला आहे तेथे कडेला गिलाव्याचे थर उघडे दिसतात: खडकाला लागून जाडसर मातीचा हात, ज्यात भाताचे तूस, गवताचे तंतू आणि बारीक खडी कालवलेली आहे, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ हात, आणि सर्वांत वर चुन्याचा, अंड्याच्या कवचाइतका तलम, पांढरा लेप. तूस आणि तंतू मातीला धरून ठेवतात आणि वाळताना तिला तडे जाऊ देत नाहीत, हे लिंपण घालणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. खडकाचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असे, म्हणजे माती त्याला धरून राहावी. पंधराशे वर्षांपूर्वीच्या तुसाची कुसळे त्या काठावर अजून ओळखू येतात.

या लेपावर आधी गेरूने रेघा काढत आणि मग रंग भरत. गेरू आणि पिवडी ही रंगीत माती, काजळीचा काळा, चुन्याचा व पांढऱ्या मातीचा शुभ्र रंग, आणि हिरवा तर याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. परका रंग एकच, निळा. तो लाजवर्द या दगडाची पूड करून केलेला, आणि हा दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानहून व्यापाऱ्यांबरोबर येई. रंग डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या लेपावर लावलेले आहेत. युरोपातील फ्रेस्को पद्धतीत चुना ओला असतानाच रंग भरतात आणि रंग चुन्यात मुरतो; अजिंठ्यातील चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणण्याची सवय चुकीची आहे. हा भेद किरकोळ नाही, कारण कोरड्या लेपावर बसलेला रंग ओलाव्याने सुटतो आणि बोट लागले तर निघून येतो.

सोळाव्या लेण्याची पायवाट नदीच्या बाजूने वर येते आणि दाराशी दोन्ही अंगांना दगडी हत्ती आहेत. त्यांना ओलांडून वर चढले की नागराजाची मूर्ती आणि मग ओसरी लागते. वराहदेवाने आपल्या लेखात खिडक्या, दालने आणि चित्रांनी सजलेल्या या वास्तूचे वर्णन मोठ्या अभिमानाने केले आहे आणि आपल्या धन्याची सत्ता कुंतल, अवन्ती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या प्रदेशांवर चालत होती असे म्हटले आहे. आतल्या भिंतीवर बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाल्याचे कळताच कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी चितारलेली आहे. गाईडच्या तोंडी हे चित्र ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून येते. मान कलती, डोळे अर्धे मिटलेले, मागून सावरणाऱ्या दासीचा हात आणि भोवतालच्या चेहऱ्यांवरील काळजी. रंग बराच उडाला असूनही रेषेने सारे दुःख धरून ठेवले आहे.

शेजारच्या सतराव्या लेण्याचा दाता वाकाटकांचा एक मांडलिक राजा होता. त्याच्या लेखात सांगितले आहे की धाकटा भाऊ रविसांब वारल्यावर त्याचे मन संसारातून उडाले आणि त्याने आपली संपत्ती धर्मकार्याला लावली. ही माहिती मनात ठेवून त्या लेण्यात गेले, तर भिंतीवरील विश्वन्तर जातकाची निवड योगायोगाची वाटत नाही. जवळचे सर्वस्व, अगदी पोटची मुलेसुद्धा देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची ती कथा आहे आणि ती एका भावाला मुकलेल्या माणसाच्या खर्चाने रंगवली गेली. याच लेण्यात गर्भगृहापुढच्या दालनात भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धाची भव्य आकृती आणि तिच्यापुढे यशोधरा व राहुल यांच्या लहानशा आकृती आहेत. घर सोडून गेलेला पती दारात भिक्षू म्हणून उभा आहे आणि आई मुलाला पुढे करते आहे. आकारांतील फरकाने चित्रकाराने जे सांगितले ते शब्दांत सांगायला पाने लागली असती.

पहिल्या लेण्यात गर्भगृहाच्या दोन्ही अंगांना असलेले बोधिसत्त्व जगाच्या परिचयाचे आहेत. बोधिसत्त्व म्हणजे इतरांच्या उद्धारासाठी बुद्धत्व लांबणीवर टाकणारा महापुरुष. डावीकडचा पद्मपाणी हातात निळे कमळ घेऊन किंचित झुकलेला आहे. अंगावर राजाचे दागिने आहेत, पण पापण्या खाली ओघळलेल्या आणि नजर कोणावरच नाही. भोवती डोंगर, माकडे, गाणारे किन्नर यांची गर्दी असूनही ती आकृती एकटी वाटते. या लेण्यातील एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे अशी कोरली आहेत की चौघांना मिळून डोके एकच आहे आणि कोणत्याही हरणाकडे पाहिले तरी ते त्याचेच वाटते. मुले तेथून हलत नाहीत, आणि त्यांना हलवण्याची घाई कोणी करू नये.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातील जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीच्या निमित्ताने पलीकडच्या कड्यावरून दहाव्या लेण्याची कमान पाहिली आणि आत येऊन एका खांबावरील चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसते, कारण त्या वेळी आत पुरुष-अर्धापुरुष गाळ साचलेला होता. घळीजवळच लेणापूर नावाचे गाव आहे. ज्या लेण्यांवरून गावाला नाव पडले ती गावकऱ्यांना ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? त्यानंतर चित्रांच्या नकला करण्याचे प्रयत्न सुरू झाले. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवल्या, त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. १९०९ ते १९११ या काळात क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांच्या चमूत कलकत्त्याचे तरुण चित्रकार आले आणि त्यांत नंदलाल बोस होते.

येथे अजिंठ्याची वाट पुन्हा सेवाग्रामला येऊन मिळते. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन फैजपूरला झाले. फैजपूर जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याच्या मुलखातले. अधिवेशनाच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले आणि खेड्यात मिळणारेच साहित्य वापरण्याचा आग्रह धरला. बांबू, गवत आणि माती यांतून नंदलालबाबूंनी ते नगर सजवले आणि पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी शेतकरी, लोहार, कुंभार, दळणकांडण करणाऱ्या बायका यांची चित्रे काढली. त्यांतील जाड वळणदार रेषा आणि सपाट मातकट रंग यांत लोकचित्रांच्या बरोबरीने अजिंठ्याची तालीम आहे, असे म्हणायला हरकत नाही. राजाच्या मंत्र्याने भिक्षूंसाठी करवलेली चित्रकला गावकऱ्यांच्या मंडपापर्यंत पोहोचली, ती या एका हाताने.

नकलांपेक्षा अधिक हानी मूळ चित्रांना झाली, आणि तीही बरेचदा सद्‌हेतूने. निजामाच्या राज्यात हा प्रदेश असताना १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणवून चित्रे सुरक्षित करण्यात आली. गळू पाहणारा गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरवला हे उपकार खरे, परंतु चित्रांवर लावलेला लाखेचा रोगण काळानुसार पिवळा-तपकिरी पडला आणि त्याने धूळ व काजळी धरून ठेवली. अलीकडच्या दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी तो थर बोटबोट जागा घेऊन काढला, तेव्हा नवव्या-दहाव्या लेण्यांत बरीच वर्षे न दिसलेली आकृत्यांची वळणे पुन्हा दिसू लागली. वटवाघळे, खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी आणि पावसाळ्यातील दमट हवा यांच्याशी हे खाते सतत झगडत असते. यात भर पडते ती माणसांच्या श्वासाची. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, चपला बाहेर काढायला लावतात, फ्लॅश वापरू देत नाहीत आणि दिवे मंद ठेवतात. आत गेल्यावर दोनतीन मिनिटे काहीच न पाहता उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून चेहरे आपोआप पुढे येऊ लागतात. त्याआधीच मोबाईल काढणाऱ्याला ते दिसत नाहीत.

सव्विसाव्या लेण्याचा दाता बुद्धभद्र नावाचा भिक्षू होता आणि त्याने ते अश्मक देशाचा मंत्री भव्विराज या आपल्या स्नेह्याच्या स्मरणार्थ कोरवले. डाव्या बाजूच्या मार्गिकेत सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाची, मूर्ती आहे. बुद्ध उशीवर उजवा हात ठेवून कुशीवर निजलेले, चेहरा शांत. आणि पलंगाखाली शिष्यांची रांग, कोणी गुडघ्यांत डोके घातलेले, कोणी हातावर गाल टेकलेला. हरिषेणाच्या मृत्यूनंतर वाकाटकांचे राज्य कोसळले आणि अश्मकांनी त्या नाशात वाटा उचलला, असे तर्क इतिहासकारांनी दण्डीच्या ‘दशकुमारचरित’ या ग्रंथातील एका कथेच्या आधारे केले आहेत. राजाश्रय गेला, नवे काम थांबले, आणि हळूहळू घळ पुन्हा वाघूरच्या आणि वटवाघळांच्या स्वाधीन झाली.

अजिंठ्याहून परतलेल्या वर्धेकराने पुढच्या एखाद्या सकाळी पवनारला जावे. विनोबा १९३८ साली तेथे राहायला आले आणि आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतील राम आणि भरत यांच्या भेटीचे मानले गेलेले शिल्प विनोबांनी तेथेच प्रतिष्ठापित केले. मिराशींच्या मते ही शिल्पे दुसऱ्या प्रवरसेनाने बांधलेल्या राममंदिराची. म्हणजे हरिषेणाच्या आधीच्या काळातली. पद्मपाणीच्या ओघळलेल्या पापण्या ताज्या आठवणीत असताना या दगडातील दोन भावांच्या वाकलेल्या खांद्यांकडे पाहावे, आणि मग धामेच्या पात्राकडे तोंड करून थोडा वेळ बसावे.